पुलावरून उडी मारण्यासाठी स्कायडायव्हिंगची कॅनोपी चालेल का?

पश्चिमवारा :

नमस्कार. मी मूळचा साताऱ्याचा असून गेली सहा वर्षे नोकरीनिमित्त कॅलिफोर्नियात राहतो. विमानातून उड्या मारायला मी येथेच शिकलो आणि आजवर माझ्या २१४ उड्या झाल्या आहेत. माझी स्वतःची कॅनोपी, म्हणजे पॅराशूटचा कापडी पंख, सेबर-२ या प्रकारची, नऊ सेलची (हवेच्या नऊ कप्प्यांची) आणि १९० चौरस फुटांची आहे. ती हळुवार उघडते आणि जमिनीवर अलगद उतरवते, त्यामुळे तिच्याविषयी माझी काहीही तक्रार नाही.

येत्या सप्टेंबरमध्ये आयडाहो राज्यातील ट्विन फॉल्स येथे जाऊन पेरीन पुलावर बेस जंपिंगचे, म्हणजे पूल, कडे अशा स्थिर जागांवरून पॅराशूट घेऊन उडी मारण्याचे, प्राथमिक प्रशिक्षण घेण्याचे मी ठरवले आहे. हा पूल स्नेक नदीच्या पात्रापासून ४८६ फूट, म्हणजे सुमारे १४८ मीटर उंच आहे आणि तेथे वर्षभरात केव्हाही, वेगळा परवाना न काढता, उडी मारता येते. प्रशिक्षणापुरते साहित्य तेथे मिळेल, पण पुढे हा छंद चालू ठेवायचा तर स्वतःचे साहित्य घ्यावे लागेल, आणि माझा गोंधळ तेथूनच सुरू झाला आहे.

आमच्या ड्रॉप झोनवरील, म्हणजे उड्यांच्या तळावरील, एका जुन्याजाणत्या गृहस्थांनी त्यांची सात सेलची, एफ-१११ कापडाची, २२० चौरस फुटांची जुनी कॅनोपी मला अगदी अल्प किमतीत देऊ केली आहे. तिच्यावर सहाशेच्या आसपास उड्या झालेल्या आहेत. त्यांचे म्हणणे असे की, बेस जंपिंगच्या कॅनोपीसुद्धा सात सेलच्या आणि साधारण याच कापडाच्या असतात, सुरुवातीच्या काळात लोक स्कायडायव्हिंगच्याच कॅनोपी वापरत असत, आणि आज सांगितला जाणारा फरक मुख्यतः विक्रेत्यांनी वाढवून ठेवलेला आहे. माझ्या एका मित्राचे तर असे मत आहे की, सेबर-२लाच मोठे पायलट शूट (कॅनोपी बाहेर ओढणारे छोटे पॅराशूट) जोडले की काम भागेल. मला ही दोन्ही मते पटत नाहीत, परंतु ती नेमकी कोठे चुकतात हे मला स्वतःला नीट मांडता येत नाही, आणि जे आपल्याला मांडता येत नाही त्याच्या भरवशावर पुलाच्या कठड्यावर उभे राहणे मला योग्य वाटत नाही.

माझे वजन ७२ किलो आहे. कोणत्या आकाराची आणि कोणत्या रचनेची कॅनोपी मी पाहावी, आणि सप्टेंबरपर्यंतच्या चार महिन्यांत तिची सवय विमानातून उड्या मारून करता येईल का, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.


गाठ-आणि-शिलाई :

नमस्कार. मी गेली चौदा वर्षे रिगर म्हणून काम करतो आणि दोन्ही प्रकारच्या कॅनोपी माझ्या टेबलावर दुरुस्तीसाठी येतात. कॅनोपी निवडताना मी सर्वप्रथम एकच गोष्ट विचारतो : ती उघडू लागेल त्या क्षणी तुमच्या पायाखाली किती उंची असेल आणि तुमचा वेग किती असेल? बाकी सारे, म्हणजे सेल किती, कापड कोणते, आकार केवढा, हे या दोन आकड्यांवरून ठरत जाते.

विमानातून उडी मारल्यावर तुम्ही ताशी १९० किलोमीटरच्या आसपास वेगाने खाली येत असता आणि सुमारे ३,००० फुटांवर पायलट शूट सोडता. त्या वेगात कॅनोपी एकदम उघडली तर मानेला आणि पाठीला इजा होईल, म्हणून स्कायडायव्हिंगची कॅनोपी मुद्दाम सावकाश उघडणारी बनवतात. ती उघडेपर्यंत ६०० ते १,००० फूट सहज खर्च होतात आणि ते परवडते, कारण ती बिघडलीच तर तोडून टाकायला आणि राखीव पॅराशूट उघडायला वेळ असतो. आता पेरीन पूल घ्या. काहीही न उघडता तेथून पडणारा माणूस साधारण साडेपाच सेकंदांत पाण्यावर आदळेल. तुम्ही तीन सेकंद मुक्तपणे पडलात तर ४३ मीटरच्या आसपास खाली आलेले असता, वेग ताशी सुमारे १०० किलोमीटर असतो, आणि पाण्यापर्यंत पोहोचायला तीन सेकंदसुद्धा उरलेले नसतात. राखीव पॅराशूट बेसच्या साहित्यात नसतेच, कारण असते तरी ते वापरायला उंची उरत नाही.

तुमच्या मित्राची सूचना याच ठिकाणी कोसळते. पायलट शूटचे काम पिशवीतून कॅनोपी बाहेर ओढून दोऱ्या ताणण्यापर्यंतच असते, आणि त्यानंतर कॅनोपीत हवा किती लवकर भरेल हे कॅनोपीची रचना ठरवते. स्कायडायव्हिंगचे पायलट शूट २४ ते ३० इंचांच्या आसपास असते, तर पेरीनसारख्या ठिकाणी कमी वेगात पुरेशी ओढ मिळावी म्हणून ४२ ते ४८ इंचांचे वापरतात. हे मोठे पायलट शूट तुमची सेबर-२ लवकर बाहेर काढील खरे, पण बाहेर आलेली सेबर-२ मात्र तिच्या स्वभावाप्रमाणे, शांतपणे, स्लायडर वर धरून उघडत राहील.

या स्लायडरविषयी थोडे विस्ताराने सांगतो, कारण दोन्ही खेळांतील कॅनोपींचा खरा फरक येथे दिसतो. स्लायडर म्हणजे कापडाचा एक चौकोनी तुकडा असून त्याच्या चारही कोपऱ्यांतील कड्यांमधून कॅनोपीच्या दोऱ्या ओवलेल्या असतात. उघडण्याच्या आरंभी तो वर कॅनोपीला चिकटून दोऱ्यांना एकत्र धरतो, कॅनोपी पसरू लागली की हळूहळू खाली उतरतो, आणि त्यामुळे ताशी १९० किलोमीटरचा धक्का काही सेकंदांवर वाटला जातो. कमी वेगात हीच सोय घातक ठरते, कारण कॅनोपीला पसरण्याचे बळ कमी असते आणि स्लायडर तिला अडवून धरतो. म्हणून लहान उंचीवरून उडी मारताना बेस जंपर स्लायडर काढून ठेवतात किंवा खाली रायझरपाशी, म्हणजे खांद्यावरून दोऱ्यांकडे जाणाऱ्या पट्ट्यांपाशी, बांधून टाकतात. मग कॅनोपी जवळजवळ एकाच झटक्यात उघडते.

तुम्ही म्हणाल की, मग सेबर-२चाही स्लायडर काढून टाकू. स्लायडर नसला की ब्रेकच्या, म्हणजे कॅनोपीची शेपटी खाली ओढणाऱ्या, दोऱ्या मोकळ्या उडतात आणि त्यांतील एखादी कॅनोपीच्या पुढच्या कडेवरून पलीकडे पडू शकते. असे झाले की कॅनोपी अर्धी दुमडून गरगर फिरू लागते. विमानातून उडी मारणारा ती तोडून देईल, पण पुलावरच्या माणसाकडे तोडल्यानंतर काहीच नसते. यासाठी बेसच्या कॅनोपीला शेपटीच्या बाजूस एक लहानसा बंद शिवलेला असतो, ज्याला आम्ही टेलगेट म्हणतो. वरच्या ब्रेकदोऱ्या एकत्र करून रबर बँडने त्या बंदात अडकवतात आणि कॅनोपी पसरली की रबर बँड आपोआप सुटतो. एवढे करूनही दोरी अडकलीच, तर ती टॉगलसकट (ब्रेक ओढायच्या मुठीसकट) पूर्ण मोकळी करून देता यावी अशी रायझरची रचना असते. तुमच्या सेबर-२वर यांपैकी काहीही नाही, आणि नसणे हा तिचा दोष नाही, कारण तिला ते कधी लागतच नाही.

आता जुन्या २२० चौरस फुटांच्या कॅनोपीकडे येतो. त्या गृहस्थांचे म्हणणे अर्धे खरे आहे. सात सेलची कॅनोपी नऊ सेलच्या मानाने आखूड आणि रुंद असते, ती अधिक सरळ दिशेने उघडते आणि संथ उडवताना जास्त माफ करते, म्हणूनच बेसमध्ये सात सेल रूढ झाले. परंतु सात सेल असले म्हणजे ती बेसची झाली असे नाही. स्पेक्टर ही स्कायडायव्हिंगची सुप्रसिद्ध कॅनोपीही सात सेलचीच आहे, आणि तिचे सर्वांत मोठे कौतुक हळुवार उघडण्याबद्दल होते. एफ-१११ हे कापड नवे असताना अगदी थोडी हवा झिरपू देते, पण घड्या घालून, धुळीत ओढले जाऊन आणि उन्हात राहून ते सैल होत जाते. सहाशे उड्यांनंतर त्या कॅनोपीत हवा भरायला उशीर लागेल आणि जमिनीजवळ ब्रेक ओढल्यावर ती तुम्हाला उचलून धरणार नाही. टेलगेट आणि ब्रेकची नवी गाठ मी तिला अर्ध्या दिवसात लावून देईन, पण झिजलेले कापड नवे करणारे शिलाई यंत्र माझ्याकडे नाही.

बेसच्या आजच्या कॅनोपींना, उदाहरणार्थ फ्लिक किंवा आउटलॉ यांना, खालच्या पृष्ठभागावर हवा आत घेणारी तोंडे असतात. तुम्ही सरळ खाली पडत असताना हवा खालूनच येत असते, त्यामुळे समोरच्या तोंडांची वाट न पाहता कॅनोपी फुगू लागते. त्या तोंडांना आतून झडपा असल्या तर एकदा आत आलेली हवा सहजासहजी बाहेरही जात नाही. या एका सुधारणेने कमी उंचीच्या उड्यांमध्ये किती फरक पडला, हे ज्यांनी आधीच्या आणि नंतरच्या अशा दोन्ही कॅनोपी उडवल्या आहेत त्यांना विचारावे.


पवनाकाठ :

गाठ-आणि-शिलाई यांच्या विवेचनाला माझ्या एका अनुभवाची जोड देतो. मी पुण्याचा असून बेस जंपिंग कधीही केलेले नाही, त्यामुळे त्या बाजूविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही. परंतु स्कायडायव्हिंगची कॅनोपी उंची कशी खाते, हे मी प्रत्यक्ष पाहिलेले आहे.

चार वर्षांपूर्वी स्पेनमध्ये, माझ्या साधारण नव्वदाव्या उडीच्या वेळी, नऊ सेलची कॅनोपी उघडताना मी एक खांदा खाली टाकला असणार, कारण ती उघडली तेव्हा दोऱ्यांना माझ्या डोक्यामागे तीन पीळ पडलेले होते. उंचीमापकावर त्या वेळी ९५० मीटर दिसत होते. मी शिकवल्याप्रमाणे दोन्ही रायझर बाहेरच्या बाजूला ताणले, पायांनी लाथा मारून अंग उलट दिशेने फिरवले, आणि पीळ सुटून ब्रेक हातात आले तेव्हा मापकावर ७६० मीटर होते. त्या वेळी मला स्वतःचा अभिमान वाटला होता, कारण राखीव पॅराशूट उघडण्याचा निर्णय ज्या उंचीवर घ्यायचा असतो, त्याच्या बऱ्याच वर मी प्रश्न सोडवला होता.

आज पश्चिमवारा यांचा प्रश्न वाचताना मी तो हिशेब पुन्हा मांडला. केवळ पीळ सोडवण्यात मी १९० मीटर गमावले होते, आणि पेरीन पूल १४८ मीटर उंच आहे.

मला एक शंकाही आहे. सात सेल, कमी हवा झिरपणारे कापड, पटकन उघडणे, हे सारे वर्णन माझ्या पाठीवरच्या राखीव कॅनोपीलाही लागू पडते. मग बेसची कॅनोपी म्हणजे एक प्रकारची राखीव कॅनोपीच समजावी का?


फ्योर्डकाठ :

मी मूळची रत्नागिरीची असून नोकरीसाठी नऊ वर्षे नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर राहते, आणि माझ्या बहुतेक बेस उड्या ल्यूसेफ्योर्डवरील शेराग येथील आहेत. तेथील कडा पाण्यापासून जवळजवळ १,००० मीटर उंच आहे.

पवनाकाठ यांच्या शंकेचे उत्तर आधी देते. साम्य खरे आहे, आणि स्कायडायव्हिंगच्या साहित्यात बेसच्या कॅनोपीचे सर्वांत जवळचे नातेवाईक शोधायचे तर ते मुख्य कॅनोपीत नव्हे, राखीव कॅनोपीतच सापडेल. पण राखीव कॅनोपी ज्या आतल्या लहान पिशवीतून बाहेर येते ती पिशवी पायलट शूटबरोबर सुटून निघून जाते, त्यामुळे त्या कॅनोपीच्या पाठीवर पायलट शूटची पट्टी जोडायला जागाच नसते. बेसची कॅनोपी अशा आतल्या पिशवीशिवाय थेट घडी करून ठेवतात, पट्टी कॅनोपीच्या मधोमध जोडलेली असते, आणि दोऱ्या शेपटीवर शिवलेल्या खिशात नागमोडी भरतात. शिवाय राखीव कॅनोपी मोकळ्या आकाशात उघडते. ती पाठीमागे तोंड करून उघडली तरी काही बिघडत नाही. कड्यासमोर मात्र दिशा हाच सगळा प्रश्न असतो.

आतापर्यंतच्या चर्चेत उंची आणि वेग यांवर भर दिला गेला, आणि पुलासाठी तो योग्यच आहे, कारण पुलाखाली आदळण्यासारखे समोर काही नसते. कड्यावरून उडी मारणाऱ्याने मात्र कॅनोपी निवडताना तिचा उघडल्यानंतरच्या पहिल्या दोन सेकंदांतील पुढे जाण्याचा वेग पाहावा. समजा कॅनोपी १८० अंशांत फिरून कड्याकडे तोंड करून उघडली. स्कायडायव्हिंगची कॅनोपी, जिचे ब्रेक उघडताना फारसे खोल, म्हणजे खाली ओढून, बांधलेले नसतात, लगेच पुढे झेपावते. बेसच्या कॅनोपीला ब्रेकच्या दोरीवर खोल गाठ करून दिलेली असते आणि शिवाय तिच्यावरील भार कमी असतो, त्यामुळे ती उघडल्यावर जवळजवळ जागच्या जागी तरंगते. तेवढ्या अवधीत मागचा एक रायझर ओढून तिला वळवायचे असते. टॉगल शोधत बसायला वेळ नसतो, हात आधी रायझरवरच गेले पाहिजेत.

१९६६ साली कॅलिफोर्नियातील एल कॅपिटनवरून मायकेल पेल्की आणि ब्रायन शूबर्ट यांनी उड्या मारल्या तेव्हा त्यांच्याकडे गोल पॅराशूट होती, ती हवी तशी वळवता येत नव्हती, आणि दोघेही जखमी झाले. १९७८ साली कार्ल बोनिश यांनी आपल्या सहकाऱ्यांनी त्याच कड्यावरून मारलेल्या उड्या चित्रित केल्या तेव्हा चौकोनी, हवा भरून पंखासारख्या उडणाऱ्या कॅनोपी उपलब्ध झाल्या होत्या, आणि पुढे बेस जंपिंग हा स्वतंत्र प्रकार उभा राहिला तो त्यांच्यामुळे. पश्चिमवारा, तुमच्या ड्रॉप झोनवरील गृहस्थांनी सांगितलेला इतिहास हाच आहे. ती स्कायडायव्हिंगचीच साधने होती, हे त्यांचे म्हणणे बरोबर आहे, परंतु एल कॅपिटनची उंची सुमारे ९०० मीटर आहे. त्या कड्यावरून जे जमले ते पेरीनवरून जमेल असे त्यावरून सिद्ध होत नाही.

उंच कड्यावर गणित पुन्हा बदलते, हेही सांगितले पाहिजे. शेरागवर दहा-बारा सेकंद पडल्यावर माझा वेग विमानातून पडणाऱ्या माणसाइतकाच होतो. त्यामुळे मी स्लायडर वर ठेवून घडी करते, पायलट शूट ३६ इंचांचे वापरते आणि ब्रेकची उथळ गाठ निवडते. तीच कॅनोपी, त्याच दोऱ्या, पण मांडणी वेगळी. स्लायडर काढलेली घडी घेऊन चुकून अशा ठिकाणी गेले तर उघडण्याच्या धक्क्याने कॅनोपी फाटेल किंवा माझी मान जाईल. एकाच कॅनोपीला दोन प्रकारच्या गाठी आणि दोन प्रकारच्या मांडण्या चालल्या पाहिजेत, ही अपेक्षा स्कायडायव्हिंगमध्ये कोणी ठेवत नाही.

विरळ हवेचाही विचार करावा लागतो. गढवालमधील मेरू शिखराच्या कड्यावरून २००६ साली ग्लेन सिंगलमन आणि हेदर स्वॉन यांनी ६,६०४ मीटर उंचीवरून उडी मारली. त्या उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या निम्म्यावर आलेली असते, म्हणजे तोलून धरणारी हवा मिळायला माणसाला अधिक वेगाने पडावे लागते आणि कॅनोपीही अधिक वेगाने उडते. ट्विन फॉल्स एवढे उंच मुळीच नाही, पण ते शहर १,१०० मीटरहून उंचावर वसलेले आहे आणि उन्हाळ्यातील दुपारी तेथील हवा आणखी विरळ होते. समुद्रकाठच्या ड्रॉप झोनवर सराव करून येणाऱ्याला उतरताना हा फरक जाणवतो.


घाटवाटा :

मी केवळ गिर्यारोहण करतो, तरीही विचारतो. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून अशी उडी शक्य आहे का? उंची तर भरपूर आहे.


फ्योर्डकाठ :

उंचीचा प्रश्न नाही, कड्याच्या आकाराचा आणि वाऱ्याचा आहे. कोकणकडा अर्धगोल आणि आतल्या बाजूला खोबण असलेला आहे, म्हणजे कॅनोपी डावीकडे किंवा उजवीकडे वळून उघडली तरी समोर खडकच येणार. कोकणातून येणारा वारा त्या खोबणीत शिरून वर उसळतो. खाली टाकलेल्या हलक्या वस्तू परत वर येतात, हे तेथे गेलेल्या प्रत्येकाने पाहिले आहे. बेसची कॅनोपी मोठी आणि संथ असते, आणि अशा वाऱ्यात नेमकी तीच कड्याकडे ढकलली जाईल. तेवढा वारा कापून पुढे जाणारी लहान, वेगवान कॅनोपी घ्यावी तर ती उघडताना कड्यावर आदळण्याची भीती वाढते. याशिवाय तो परिसर अभयारण्यात मोडतो. तेथे उभे राहून खाली पाहण्यातला आनंद मला पुरेसा वाटतो.


पश्चिमवारा :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. जुनी कॅनोपी मी घेणार नाही, असे त्या गृहस्थांना आजच कळवले. माझ्या मित्रालाही ही चर्चा वाचून दाखवली. पायलट शूट कॅनोपीला फक्त बाहेर काढते, उघडत नाही, हे वाक्य त्याने दोनदा वाचायला लावले.

आता आकाराविषयी विचारतो. माझ्या हिशेबाप्रमाणे बेसच्या साहित्यासह माझे वजन ८० किलो, म्हणजे सुमारे १७६ पौंड होईल. मोठी कॅनोपी अधिक सुरक्षित असे धरले तर मी सरळ ३०० चौरस फुटांची घ्यावी का? आणि सरावाचा प्रश्न अजून राहिलाच आहे.


गाठ-आणि-शिलाई :

मोठी म्हणजे सुरक्षित, हे एका मर्यादेपर्यंतच खरे आहे. एकूण वजन पौंडांत घेऊन त्याला कॅनोपीच्या चौरस फुटांनी भागले की भार मिळतो. तुमच्या सेबर-२वर स्कायडायव्हिंगच्या जड साहित्यासह तो ०.९७च्या आसपास येतो, आणि दोनशे उड्यांच्या माणसासाठी तो अगदी योग्य आहे. बेससाठी मी ०.७च्या आसपासचा भार सुचवतो, म्हणजे तुमच्यासाठी २५० ते २६० चौरस फूट. ३०० घेतलीत तर भार ०.५९ होईल. एवढी हलकी कॅनोपी थोड्याशा वाऱ्यातही पुढे सरकत नाही, वाऱ्याच्या उलट दिशेने उतरताना चक्क मागे जाऊ लागते, आणि गोंधळलेल्या हवेत तिचा ताठपणा टिकत नाही. तिची घडीही मोठी होते, म्हणून पिशवी मोठी लागते, आणि दरीतून चढून वर येताना ते सारे पाठीवर असते. पेरीनखालचा किनारा दगडांचा आहे आणि उतरण्याची जागा आटोपशीर आहे. तेथे जिथे ठरवले तिथे उतरवणारी कॅनोपी हवी, आणि २६० ते काम उत्तम करील.

सरावाविषयी सांगतो. बेसची पिशवी पाठीला लावून विमानातून उडी मारता येणार नाही, कारण अमेरिकेत विमानातून हेतुपुरस्सर उडी मारणाऱ्याकडे मुख्य आणि राखीव अशी दोन पॅराशूट असणे नियमाने बंधनकारक आहे. पण बेसची २६० चौरस फुटांची कॅनोपी मोठ्या आकाराच्या स्कायडायव्हिंगच्या पिशवीत मुख्य कॅनोपी म्हणून बसवता येते. ड्रॉप झोनवरील विद्यार्थ्यांच्या पिशव्या बहुधा त्या आकाराच्या असतात. स्लायडर वर ठेवायचा, तोही जाळीचा नव्हे तर भरीव कापडाचा, आणि ब्रेकची उथळ गाठ वापरायची. नेहमीपेक्षा जोरात उघडेल, याची तयारी ठेवा, आणि तुमच्या रिगरला सर्व जोडण्या दाखवल्याशिवाय विमानात बसू नका.

अशा तीस-चाळीस उड्या करा, आणि प्रत्येक उडीत मुक्तपणे पडण्याचा काळ कमी करून उंचावर उघडा, म्हणजे उडवायला वेळ मिळेल. ब्रेक किती ओढल्यावर ही कॅनोपी उडणे थांबवते, ती जागा तुमच्या हातांना कळली पाहिजे. सेबर-२च्या मानाने ती खूप खाली असेल, आणि थांबण्याआधी ही कॅनोपी बराच वेळ लटलट करून सूचना देते. त्यानंतर उघडताक्षणी, टॉगलला हात न लावता, मागच्या रायझरने ९० अंश वळायचा सराव करा, डावीकडे आणि उजवीकडे, तोही प्रत्येक उडीत. शेवटी अर्ध्या ब्रेकवर, उभ्या उतारावरून, जमिनीवर आखलेल्या दहा मीटरच्या वर्तुळात उतरायला शिका. सेबर-२ने तुम्हाला लांबून घसरत येऊन उतरायची सवय लावलेली आहे. ती सवय मोडायला सर्वांत जास्त उड्या लागतील.

सप्टेंबरमधील पहिल्या उड्यांत प्रशिक्षक तुमचे पायलट शूट बहुधा स्वतःच्या हातात धरतील, म्हणजे तुम्ही पुलावरून सुटताच दोऱ्या ताणल्या जातील. त्या उडीसाठी घडी घालताना टेलगेट कसा बांधला जातो, हे त्यांच्या शेजारी बसून पाहा, आणि दुसऱ्या घडीला तो त्यांच्या देखरेखीखाली स्वतः बांधा. खोल गाठ कॅनोपीच्या कारखान्यातून येते ती सरासरी माणसासाठी असते. तुमच्या वजनाला ती कदाचित दोन-तीन सेंटिमीटर वर किंवा खाली हलवावी लागेल. विमानातील सरावाच्या शेवटच्या दहा उड्यांत, उंचावर कॅनोपी पूर्ण उघडल्यानंतर, खोल गाठीइतके ब्रेक हातांनी ओढून ती कशी तरंगते हे पाहून ठेवा आणि टॉगल कोठपर्यंत आले होते ते लिहून ठेवा. ते मोजमाप मला पाठवा, म्हणजे गाठ हलवायची की नाही हे आपण ऑगस्टमध्येच ठरवू.